टोनीजवळ बसलेला रोडी कोण होता?

मार्व्हलच्या चित्रपटांत शील्ड या गुप्तहेर संघटनेचा प्रमुख असलेल्या निक फ्युरीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. 2014 च्या 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर'मध्ये तो स्टीव्ह रॉजर्सला, म्हणजे कॅप्टन अमेरिकाला, सांगतो, की शेवटचा एकावर विश्वास टाकला तेव्हा डोळा गमावून बसलो. पुढं काही नाही. कोण होता तो, कधी, कुठं, काहीच सांगत नाही. पण सगळ्या जगाकडं संशयानं बघणारा हा माणूस असा का झाला, ते तेवढ्यावरून कळतं. मग 2019 मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' आला आणि दिसलं की डोळा गेला तो गूस नावाच्या, मांजरीसारख्या दिसणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्यानं पंजा मारल्यामुळं. थिएटरात हशा पिकला. मला हसू आलं नाही. पाच वर्षं जी जखम खरी मानली होती ती कुणीतरी पुसून टाकली होती, आणि तिच्या जागी गंमत ठेवली होती.

यात नियम कुठं मोडला, असं कुणी विचारलं तर मोडलेला नाहीच. फ्युरीनं त्या मांजरीवर विश्वास टाकला होता. सालं जुळतात, वाक्यही जुळतं. तरीसुद्धा माझ्यापुरती गोष्ट तिथं तुटली. लांबलचक कथा नेमकी कुठं तुटते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागलाय, आणि त्यावर मी माझ्या भाच्याशी फोनवर जितकं भांडलोय तितकं कुठल्याच विषयावर भांडलेलो नाही.

भाचा आता पुण्याला नोकरीला आहे. 2012 मध्ये पहिला 'ॲव्हेंजर्स' आला तेव्हा तो शाळेत होता आणि मीच त्याला घेऊन गेलो होतो. मी सांगलीचा. हौशी रंगभूमीवर वाढलेला. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांत मी रंगमंचावर कमी आणि विंगेत जास्त उभा राहिलोय. प्रॉम्प्टिंग केलं, आणि मुख्य म्हणजे प्रॉपर्टी सांभाळली. पहिल्या अंकात बापाचा चष्मा फुटला असेल तर दुसऱ्या अंकात त्याच्या नाकावर तो अख्खा दिसता कामा नये, हे बघणं माझं काम. त्या कामानं नजर तयार झाली, पण एक वेगळीच गोष्टही लक्षात आली. चष्मा अख्खा राहिला तर बहुतेक प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. पहिल्या अंकात पोरगं घर सोडून गेलंय आणि दुसऱ्या अंकात बाप जणू काही घडलंच नाही अशा थाटात वर्तमानपत्र उलगडून बसला, तर मात्र शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. काय चुकलं ते त्याला सांगता येणार नाही. पण चुकलंय हे त्याला कळलेलं असतं.

मार्व्हलच्या चित्रपटांतले चष्मे मी भरपूर मोजलेत. 2008 च्या 'आयर्न मॅन'मध्ये टोनी स्टार्कचा मित्र रोड्स, म्हणजेच रोडी, साकारला टेरेन्स हॉवर्डनं, आणि 2010 च्या दुसऱ्या भागात त्या जागी डॉन चीडल आला. आल्या आल्या तो जे बोलतो त्याचा मतलब असा, की होय, मीच आहे, आता हे मान्य करा आणि पुढं चला. आम्ही मान्य केलं. हल्कच्या भूमिकेत एडवर्ड नॉर्टनच्या जागी मार्क रफालो आला, तेही मान्य केलं. मराठी मालिका बघणाऱ्या घरात सून रातोरात बदलते आणि सासू तिला त्याच नावानं हाक मारते, तेव्हा आपली याला तयारी असतेच. 2011 च्या 'थॉर'मध्ये ओडिनच्या खजिन्यात सहा रत्नांचा हातमोजा मागं ठेवलेला दिसतो. पुढं ती रत्नं गोळा करणाऱ्या थॅनोस या खलनायकाची कथा वाढली आणि तो हातमोजा तिथं असणं अडचणीचं झालं. मग 2017 मध्ये 'थॉर: रॅग्नारोक'मध्ये हेला नावाची खलनायिका त्या खजिन्यात येते, हातमोजा खाली पाडते आणि एका शब्दात निकाल देते: नकली. मला हा प्रसंग फार आवडतो. चूक लपवली नाही, चव्हाट्यावर आणली आणि त्यातून हेलाचा तोरा दाखवला.

सगळ्यात गाजलेला घोटाळा 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'चा. 2012 च्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतर ढिगारा उपसणारी माणसं दाखवली, आणि लगेच पडद्यावर अक्षरं आली: आठ वर्षांनंतर. म्हणजे 2020. पण ही कथा 'सिव्हिल वॉर'नंतर काही महिन्यांत घडते, आणि 'सिव्हिल वॉर'मध्ये व्हिजन नावाचं पात्र स्वतः सांगतं की स्टार्कनं आपण आयर्न मॅन आहोत असं जाहीर करून आठ वर्षं झाली. 2008 अधिक आठ, 2016. त्यातून थॅनोसनं चुटकी वाजवून अर्धं जग राख केलं ते 2018 ला. त्या पाटीवर विश्वास ठेवायचा तर 2020 मध्ये शाळेत जाणारा पीटर पार्कर खरं म्हणजे दोन वर्षांपूर्वीच राख झालेला असायला हवा. भाच्यानं हे मला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं होतं. चित्रपट म्हणून मात्र त्याला काडीचाही धक्का लागत नाही. पीटरच्या मैत्रिणीचे वडील, म्हणजे तो खलनायकच, गाडी चालवता चालवता आरशातून त्याच्याकडं बघतात, तो प्रसंग बघताना कुणाला साल आठवतं?

कॉमिक्सच्या काळापासून या चुकांशी वाचकांचं एक लोभस नातं आहे. 1964 मध्ये मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांनी एका अंकात हल्कला, म्हणजे ब्रूस बॅनरला, चक्क बॉब बॅनर करून टाकलं. वाचकांची पत्रं आली. त्यावर उत्तर ठरलं, की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर. आजही ते तसंच आहे. याच सुमाराला त्यांनी 'नो-प्राइझ' सुरू केलं. पुढं त्याची रीत अशी पडली, की जो वाचक नुसती चूक दाखवणार नाही, तर ती चूक मुळात चूक कशी नव्हती हेही पटवून देईल, त्याला घरपोच एक पाकीट. पाकिटावर अभिनंदन छापलेलं, आत काहीच नाही. मला यात वाचकाबद्दलचा केवढा तरी मान दिसतो. गोष्ट आमच्या हातून फाटली, तुम्ही शिवलीत, आता ती तुमचीही झाली.

म्हणून तारखांवरून मी भांडत नाही. माझं भांडण सुरू होतं कोल्सनपासून.

फिल कोल्सन हा साधा माणूस. अंगात शक्ती नाही, चिलखत नाही, कोटटायमधला सरकारी नोकर. 'ॲव्हेंजर्स'मध्ये लोकी हा खलनायक त्याला मारतो, आणि आपापसात भांडणारे सहा सुपरहीरो त्या मरणामुळं एकत्र येतात. फ्युरी टेबलावर कॅप्टन अमेरिकाची रक्तानं माखलेली कार्डं टाकतो. सबंध चित्रपट त्या एका मृत्यूवर तोललेला आहे. पुढच्याच वर्षी, 2013 च्या सप्टेंबरात, 'एजंट्स ऑफ शील्ड' ही मालिका सुरू झाली आणि कोल्सन जिवंत. मालिकेनं हे सवंगपणे केलं नाही, हे सांगायलाच हवं. आपल्याला कसं परत आणलं, मेंदूत काय काय उलटंपालटं केलं, हे शोधता शोधता तो माणूस पिळवटून निघतो. सात पर्वं, 136 भाग, 2020 पर्यंत ती मालिका चालली. पण ज्या सहा जणांना त्याच्या मरणानं बांधलं, त्यांना तो जिवंत असल्याचं चित्रपटांत शेवटपर्यंत कळलं नाही. ना टोनीला, ना थॉरला. त्याला जवळचा मानणारी ही माणसं, आणि मित्र सात वर्षं त्याच जगात वावरतोय.

मालिका चित्रपटांकडं सतत मान वर करून बघत होती. 2014 मध्ये 'विंटर सोल्जर'नं शील्ड ही संघटनाच आतून पोखरलेली दाखवून मोडून टाकली, तर मालिकेनं त्याच आठवड्यांत आपली सगळी कथा त्याभोवती फिरवली, आणि खरं म्हणजे तिथूनच ती चांगली झाली. 2018 च्या मे महिन्यात पाचवं पर्व संपताना थॅनोसच्या हल्ल्याची बातमी कानावर येते. मग 2019 च्या मे महिन्यात, 'एंडगेम' लागून पंधरा दिवस झाले होते, तेव्हा सहावं पर्व आलं. मालिकेत एक वर्ष उलटलंय. आणि अर्धं जग नाहीसं झाल्याची कुणाला खबरच नाही. एक रिकामी खुर्ची नाही, एक हरवलेला माणूस नाही. चित्रपट काढणारी आणि मालिका काढणारी मंडळी एकाच नावाखाली पण वेगवेगळ्या व्यवस्थेत काम करत होती. चित्रपटांची सूत्रं केविन फायगी यांच्याकडं, मालिकांचा विभाग वेगळा. 2019 अखेरीला तो विभाग गुंडाळला. कारण कळतं. पण जी माणसं सात वर्षं इमानानं त्या मालिकेसमोर बसली, त्यांना कुणी सांगायला आलं नाही की तुम्ही बघत होता ते या जगात घडलं की नाही.

अर्धं जग नाहीसं होणं. इथं मला सांगलीचा म्हणून बोलायचंय.

'एंडगेम' एप्रिल 2019 मध्ये लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडं महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 ची. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता ते सांगत होते, पाणी त्याच्या पुढं यायचं नाही, आणि पाणी त्याच्या पुढं आलं. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, सगळं पाण्याखाली. आज इतक्या वर्षांनंतरही या शहरात काळ मोजायची एक रीत आहे: पुराच्या आधी आणि पुरानंतर. हे कपाट पुरानंतरचं. ते लग्नाचे फोटो पुरात गेले. अमक्याचं दुकान पुराच्या आधी इथं होतं, मग त्यानं वरच्या बाजूला हलवलं. दुकानांच्या भिंतींवर पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा केल्यात, सालासकट. लोक जागा बघायला जातात तेव्हा पाणी-लाइटच्या आधी विचारतात, 2019 ला इथं किती होतं? काही दिवसांचं पाणी. त्यानं शहराची बोलण्याची पद्धत बदलली.

आणि तिथं अर्धी मानवजात पाच वर्षं राख होऊन पडली होती, आणि मग एका क्षणात परत आली. धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा मोठा झाला असेल. बायकोनं दुसरं लग्न केलं असेल. घरात दुसरं कुणी राहत असेल. हे सगळं कुणाला सुचलं नाही असं नाही. 'वांडाव्हिजन'मध्ये मोनिका रॅम्बो दवाखान्यातल्या खुर्चीत परत येते, आजूबाजूला हलकल्लोळ, आणि तिला कळतं की जिच्या उशाशी आपण बसलो होतो ती आई मधल्या काळात वारली. 'हॉकआय'मध्ये येलेना तोंड धुवायला न्हाणीघरात जाते, तिच्यापुरते पाच-सहा सेकंद जातात, आणि समोरच्या भिंतीचा रंग बदललेला असतो. त्या रंगाकडं बघून माझ्या अंगावर काटा आला होता. असा धक्का कसा असतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'नं परतलेल्यांसाठी ज्यांना घरातून हुसकावलं त्यांची बाजू मांडायचा प्रयत्न केला. ही तिन्ही 2021 ची. त्यानंतर हा विषय विरळ होत गेला, अधूनमधून एखादा उल्लेख. शहरं तशीच, दुकानं तशीच, तरुण मुलं तशीच चेष्टा करतायत. कुणाच्या बोलण्यात 'त्याच्या आधी' आणि 'त्याच्यानंतर' येत नाही. हिंदी महासागरातून सेलेस्टियल नावाच्या एका महाकाय परग्रही जीवाचं डोकं आणि हात बाहेर आला, 'इटर्नल्स'मध्ये, 2021 लाच. त्याचा पडद्यावर नीट हिशेब लागला तो 2025 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये. आपल्या किनाऱ्यांना लागून असलेला हा समुद्र. त्यात होड्या नेणाऱ्या माणसांचं काय झालं, याची चौकशी एकानंही केली नाही.

भाचा म्हणतो, "मामा, तू लई डोकं लावायलायस. पिक्चर आहे, बघ की गप." आणि मग स्वतःच तासभर बोलतो.

त्याचा आवडता मुद्दा असा: आपल्या महाभारतात तरी कुठं मेळ आहे? एकेका प्रांतात एकेक कथा. मुद्दा चांगला आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 पासून 1966 पर्यंत विद्वानांच्या पिढ्यांनी देशभरातली हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुकथनकरांनी त्यात आयुष्य घातलं. त्यातून दिसलं की द्यूतसभेत द्रौपदीनं कृष्णाचा धावा करणं आणि कृष्णानं धावून येणं, जे आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते मूळ संहितेत बसत नाही; नंतर कुणीतरी घातलं. अशी किती तरी भर. म्हणजे भाच्याचं म्हणणं खरंच आहे, महाभारत शेकडो हातांनी लिहिलंय आणि त्यात विसंगती आहेत.

पण त्या शेकडो हातांनी एक गोष्ट सांभाळली. अभिमन्यू पडला आणि दुसऱ्या दिवशी अर्जुन नेहमीच्या उत्साहानं रथावर चढला, असं कुणीही लिहिलं नाही. आणि कर्णाचं बघा. युद्ध संपतं, तर्पणाची वेळ येते, आणि कुंती सांगते की त्यालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. आजच्या भाषेत याला मागाहून लावलेलं ठिगळच म्हणतील. युधिष्ठिरासाठी सबंध भूतकाळ एका वाक्यात बदलला. पण त्या वाक्याची किंमत महाभारत शेवटच्या पैपर्यंत मोजतं. युधिष्ठिर कोसळतो. राज्य नको म्हणतो. आईला, साऱ्या स्त्रीजातीला शाप देतो की यापुढं तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. त्याच्या त्या शोकापासून शांतिपर्व सुरू होतं, आणि सगळ्या पर्वांत तेच मोठं.

आता याच्या शेजारी रोडीला ठेवा. 2023 मध्ये 'सीक्रेट इन्व्हेजन' नावाची मालिका आली. रूप बदलणारे स्क्रल लोक माणसांच्या जागी बसलेत, अशी तिची कल्पना. शेवटच्या भागात जेम्स रोड्सला, म्हणजे आपल्या रोडीला, बंदिवासातून बाहेर काढतात. अंगावर दवाखान्यातला झगा, पायांत चालायचं बळ नाही. रोडी पांगळा झाला 'सिव्हिल वॉर'मध्ये, 2016 ला. तो झगा एवढंच सुचवतो की त्याला उचललं ते तेव्हापासून. मालिका संपते. कुणी काही बोलत नाही.

मी मात्र रात्रभर 'एंडगेम'चा शेवट आठवत राहिलो. टोनी रत्नं घालून चुटकी वाजवतो, त्याची एक बाजू जळून गेलीय, तो ढिगाऱ्याला टेकून बसलाय, आणि सगळ्यात आधी त्याच्याजवळ पोचतो तो रोडी. काही बोलत नाही. कॉलेजच्या काळापासूनचा मित्र, त्याच्या गालाला हात लावतो आणि मग बाजूला होतो, पीटर पार्करला आणि टोनीच्या बायकोला, पेपर पॉट्सला, जागा देतो. अकरा वर्षांच्या कथेतला तो निरोप. तो हात कुणाचा होता? जर तो स्क्रल होता, तर मित्राविना टोनी गेला. आणि खरा रोडी कुठल्याशा यंत्रात निजलेला असताना त्याचा मित्र मेला, त्याला अंत्यविधीलाही जाता आलं नाही. बाहेर आल्यावर हे त्याला कुणीतरी सांगितलं असेल. कुणी सांगितलं? तो काय म्हणाला? हे लिहीपर्यंत आलेल्या एकाही चित्रपटानं या प्रश्नाला हात घातलेला नाही. तिथं कुंती एक वाक्य बोलली आणि पर्वं हलली. इथं एक झगा दाखवला आणि पुढच्या जाहिरातीकडं गेले. त्याच मालिकेच्या शेवटी अमेरिकेचा अध्यक्ष परग्रहवासीयांविरुद्ध युद्ध पुकारतो, तेही पुढं कुणाला आठवत नाही, पण ते मी सोडून देतो. रोडीचं सोडवत नाही.

'एंडगेम'च्या अगदी शेवटाबद्दलही असंच. स्टीव्ह रॉजर्स रत्नं जागच्या जागी ठेवायला भूतकाळात जातो आणि तळ्याकाठच्या बाकावर म्हातारा होऊन सापडतो. आपल्या जुन्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, संसार करून आलेला. तो संसार कुठल्या काळात केला? दिग्दर्शक रूसो बंधू म्हणाले, वेगळ्या फांदीवर. पटकथाकार मार्कस आणि मॅकफीली म्हणाले, याच काळात, गुपचूप. लोक यावर काळाच्या फांद्यांची चित्रं काढून वाद घालतात. मला त्यातलं विज्ञान नको. मला एवढंच कळतं, की स्टीव्ह याच काळात राहिला असेल तर त्याचा जिवलग मित्र बकी हायड्रा या शत्रू संघटनेच्या ताब्यात वर्षानुवर्षं छळला जात होता आणि हे त्याला माहीत होतं. पेगीनं उभी केलेली शील्ड आतून कुजत होती हेही माहीत होतं. आणि तो घरात गाणं लावून नाचत होता. जो माणूस बकीसाठी सगळ्या जगाशी भांडला, त्याचं हे म्हातारपण मी मान्य करूच शकत नाही. मी दिग्दर्शकांच्या बाजूचा आहे, आणि तो निर्णय मी स्टीव्हच्या स्वभावावरून घेतलाय.

जिथं निगुतीनं केलंय तिथं हेच लोक किती चांगलं करतात, तेही सांगतो. 'गार्डियन्स'मधली पीटर क्विलची प्रेयसी गमोरा 2018 मध्ये मेली. 'एंडगेम'मध्ये आली ती 2014 सालातली गमोरा, जी पीटर क्विलला भेटलेलीच नाही. 'गार्डियन्स'च्या तिसऱ्या भागात, 2023 मध्ये, तिला हळूहळू सगळं आठवेल आणि दोघं एकत्र येतील अशी आशा मी शेवटपर्यंत धरून होतो. दिग्दर्शक जेम्स गन यांनी तसं केलं नाही. ती त्याच्याकडं जरा मऊपणानं बघते, आणि आपल्या माणसांकडं निघून जाते. जी मेली ती मेली. चेहरा परत आला तरी नातं परत येत नाही, हे त्या चित्रपटानं ठामपणे धरून ठेवलं. चॅडविक बोसमन 2020 मध्ये गेला तेव्हा त्यानं साकारलेल्या टी'चाला या राजाच्या जागी दुसरा नट न घेता 'वकांडा फॉरएव्हर'नं त्याच्या मरणापासूनच कथा सुरू केली. बहिणीचा शोक हाच चित्रपट झाला. 2008 च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'मध्ये सॅम्युअल स्टर्न्सच्या कपाळावर रक्ताचा थेंब पडून डोकं फुगायला लागलं होतं, आणि तो धागा तसाच लोंबत राहिला. 2025 मध्ये तो माणूस परत आला, त्याच नटासकट, आणि वर्षानुवर्षं आपल्याला डांबून ठेवल्याचा राग घेऊन. चित्रपट मला मध्यमच वाटला. पण तो राग बघून बरं वाटलं.

मग मधल्या काळात एवढी विसराळूपणाची साथ का आली? कारणं काही गुप्त नाहीत. 2008 ते 2019 या काळात तेवीस चित्रपट, वर्षाला सरासरी दोन. 2021 पासून त्यात मालिकांची भर पडली आणि एकाच वेळी अनेक टोळ्या लिहायला बसल्या. करोनानं क्रम विस्कटला. 'ब्लॅक विडो' मे 2020 चा, तो आला जुलै 2021 ला, आणि एका पात्राची जी ओळख आधी तिथं व्हायची ती मग दुसरीकडंच झाली. कांग नावाचा खलनायक धरून पुढची सगळी आखणी केली होती, आणि 2023 च्या अखेरीला तो नट न्यायालयात दोषी ठरल्यावर त्याला काढावं लागलं. वांडाचं काय झालं ते तर दुखणंच आहे. 'वांडाव्हिजन'च्या नऊ भागांत ती आपला जोडीदार व्हिजन गेल्याचं दुःख ओळखायला शिकली, मुलांना निरोप दिला. शेवटच्या श्रेयनामावलीनंतर मात्र मुलांच्या हाका तिच्या कानी पडतात, आणि पुढच्याच चित्रपटात ती त्याच दुःखापायी माणसं मारत सुटली. व्हिजनच्या आठवणी घेऊन उडून गेलेला तो पांढरा व्हिजन कुठं आहे, अशी साधी विचारपूसही तिनं केली नाही.

आमच्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ बघून राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं होतं. दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो आणि भावे नाट्यमंदिरात गर्दी होते, तेव्हा मला त्या जुन्या नाटकांची बांधणी आठवते. संवाद लिहिलेले नसत. सूत्रधार झांज-मृदंगाच्या साथीत पद म्हणे, कथा त्या पदात, आणि पात्रं त्या पदावरून आयत्या वेळी सुचेल ते बोलत. राक्षस 'अलल्लडुर्र' करून आरडाओरडा करीत. आज एक बोलेल, उद्या दुसरंच. नट बदले, गाव बदले, भाषणं बदलत. पण सूत्रधार सबंध खेळभर तिथंच उभा. त्यानं सीतेचं दुःख गाऊन ठेवलं की पुढच्या पात्राला ते नाकारून पुढं जाता येत नसे, कारण ते आत्ताच सगळ्या सभेनं ऐकलेलं असे. फायगींनी पहिली अकरा वर्षं हे काम केलं असं माझं मत आहे. 2023 मध्ये मार्व्हलनं अधिकृत कालरेषेचं जाडजूड पुस्तकही काढलं. सालं लावून झाली. कोल्सनसाठी कुणी रडलं का, ते त्या सालांत कळायची सोय नाही.

आता डिसेंबर 2026 साठी 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' जाहीर झालाय आणि त्यात डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत टोनी साकारणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर येणार आहे. भाचा यावर खवळलाय; त्याच्या मते ही हरलेल्या माणसाची चाल. मी अजून तिथं पोचलो नाही. त्याच नटाला परत आणायला माझी हरकत नाही, लपवायची तर मुळीच गरज नाही. पण त्या मुखवट्याआडून टोनीचा चेहरा बाहेर आला, तर समोरच्या माणसांनी तो ओळखला पाहिजे. पेपर असेल तर तिचे पाय लटपटले पाहिजेत. टोनीची मुलगी मॉर्गन आता मोठी झाली असेल. तिनं बापाचा चेहरा फोटोंत बघितलाय, तिला काय वाटतं ते मला बघायचंय. आणि पीटर पार्कर, ज्याला 'नो वे होम'नंतर सगळं जग विसरलं पण तो कुणालाच विसरला नाही, त्याचा वार त्या चेहऱ्यावर एक क्षण तरी थबकला पाहिजे. रोडी तिथं असेल तर त्याला निदान एवढं विचारू द्या की त्या दिवशी टोनीजवळ मी होतो का. भाच्याला मी सांगून ठेवलंय, पहिल्या दिवशीचं तिकीट दोघांचं काढ, सांगलीतच बघू.